हरवलेला चेहरा परत देणारी विद्या

आपल्या भाषेने नाकाला जेवढा मान दिला आहे, तेवढा शरीराच्या दुसऱ्या कोणत्याही अवयवाला दिलेला नाही. अब्रू राहिली म्हणजे नाक राहिले. कुळात कोणी नीच कर्म केले म्हणजे साऱ्या घराण्याचे नाक कापले गेले. शरण जायचे तर नाक घासत जायचे. आपल्या खानदेशाला लागूनच असलेल्या नाशिक क्षेत्राचे नाव शूर्पणखेच्या नासिकेवरून पडले, अशी लोकांची समजूत आहे. ही सारी बोलण्याची तऱ्हा झाली. परंतु एक काळ असा होता की, नाक कापणे हा केवळ वाक्प्रचार नव्हता, ती शिक्षा होती. अनेक राज्यांत, अनेक शतके, कैद्याला, गुन्हेगाराला आणि पुष्कळदा निरपराध स्त्रीलाही ती भोगावी लागे. शिक्षा करणाराचा हेतू प्राण घेण्याचा नसे. त्या माणसाने जिवंत राहावे, पण चार माणसांत तोंड दाखवू नये, एवढाच त्याचा हेतू असे.

ज्याचा चेहरा गेला, त्याचे दुःख लंगड्याच्या किंवा थोट्याच्या दुःखाहून निराळे असते. जळगावच्या किंवा धुळ्याच्या बाजारात हनुवटीवरून रुमाल गुंडाळून, भिंतीकडे तोंड करून चहा पिणारा एखादा मनुष्य आपणही पाहिला असेल. त्याला चालता येते, काम करता येते. परंतु लोकांकडे पाहता येत नाही. अशा माणसाला त्याचा चेहरा परत देण्याची जी विद्या आहे, तिचा थोडा इतिहास आज मी आपणांस सांगणार आहे. या इतिहासाचा एक फार महत्त्वाचा दुवा आपल्या महाराष्ट्रातच, पुण्याजवळ, १७९३ साली सापडतो.

ती हकीकत अशी. १७९० ते १७९२ या काळात म्हैसूरच्या टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, निजाम आणि मराठे हे तिघे एकत्र होऊन लढले. मराठ्यांकडून परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके हे सेनापती या मोहिमेवर होते. त्या काळचे युद्ध जितके तोफांवर चाले, तितकेच बैलांवर चाले. तोफा ओढायला बैल, दारूगोळा वाहायला बैल, धान्याच्या गोण्या लादायलाही बैलच. ज्या खानदेशात पोळ्याच्या दिवशी आपण बैलाच्या पाया पडतो, तेथील श्रोत्यांना हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. जो बैल हाकतो तो लढत नाही. परंतु शत्रूच्या हाती प्रथम सापडतो तो तोच, कारण त्याला मारले किंवा धरले म्हणजे तोफा जागच्या जागी थांबतात.

इंग्रजांच्या सैन्यात असाच एक गाडीवान होता. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कावसजी असे आले आहे. नाव ऐकून आपणांस तो पारशी असावा असे वाटेल. परंतु त्याच कागदात तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे म्हटले आहे. त्याचे खरे नाव काय असेल आणि इंग्रजांच्या कानांनी ते कसे ऐकले असेल, याचा तर्क करीत बसण्यात अर्थ नाही. हा गाडीवान १७९२ च्या धामधुमीत टिपूच्या माणसांच्या हाती सापडला. त्याचे नाक कापण्यात आले आणि एक हातही तोडण्यात आला. त्या स्थितीत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. कंपनी सरकारने त्याला पेन्शन बांधून दिले. बारा महिन्यांहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला.

त्यानंतर पुण्याजवळ एका मनुष्याने त्याला नवे नाक बसवून दिले. हा मनुष्य हकीम नव्हता, शास्त्री नव्हता, इंग्रज डॉक्टरही नव्हता. इंग्रजी लेखात त्याची जात विटा करणाराची, म्हणजे आपल्याकडील कुंभाराची, अशी दिली आहे. मुंबई इलाख्यातील इंग्रज वैद्यांनी, त्यांत टॉमस क्रूसो या नावाचे एक गृहस्थ होते, ही शस्त्रक्रिया आपल्या डोळ्यांनी पाहिली आणि तिची कृती टिपून ठेवली. ती कृती ऐकण्यासारखी आहे. कारण कोणतेही शास्त्र खरे की खोटे, हे त्याच्या कृतीवरून कळते, त्याच्या गौरवावरून कळत नाही.

प्रथम कुंभाराने मेणाचा एक पातळ पत्रा घेतला आणि नाकाच्या उरलेल्या बुडख्यावर बसवून त्याला नाकाचा घाट दिला. मग तोच पत्रा उलगडून सपाट केला आणि रोग्याच्या कपाळावर ठेवला. त्याच्या कडेने रेघ मारली. त्या रेघेच्या आतील कातडी त्याने कपाळावरून सोडवून काढली. परंतु सगळी सोडवली नाही. दोन भुवयांच्या मध्ये कातडीची एक अरुंद पट्टी त्याने तशीच शाबूत ठेवली. नंतर नाकाच्या बुडख्यावरील जुना व्रण तासून तेथे ताजी जखम केली आणि तिच्यामागे, नाकपुड्यांच्या बाजूंनी व वरच्या ओठाच्या कडेने, एक चीर पाडली. मग कपाळावरील कातडी अर्धी पिळून खाली आणली आणि तिच्या कडा त्या चिरेत खोचून बसवल्या. सांधा धरून राहावा म्हणून पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक लावल्या. चार दिवस दुसरे काहीही औषध नाही. चार दिवसांनी त्या पट्ट्या काढून तुपात भिजवलेली फडकी ठेवण्यात आली. पाच-सहा दिवस रोग्याला उताणे निजवून ठेवले. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घातले. सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली ती पट्टी कापून टाकण्यात आली आणि नव्या नाकाचा आकार थोडा आणखी सुधारण्यात आला.

श्रोतेहो, या सर्व कृतीचे मर्म त्या अरुंद पट्टीत आहे. अंगापासून समूळ तोडलेला कातडीचा एवढा जाड तुकडा दुसरीकडे नुसता चिकटवला तर तो मरतो, काळा पडतो आणि गळून जातो. कारण त्याला रक्त मिळत नाही. भुवयांच्या मधून कपाळाकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या त्या पट्टीतून नव्या नाकाला रक्त पुरवीत राहतात. दरम्यान नव्या जागेशी त्याचा सांधा जुळतो आणि तेथूनही रक्त येऊ लागते. तसे झाले की पट्टी तोडायला हरकत नाही. किती दिवसांनी ती तोडावी, हा सर्वात कठीण प्रश्न. लवकर तोडली तर नाक मरते. आजचे शल्यविशारद सर्व साधने हाताशी असताना साधारण तीन आठवड्यांनी ती तोडतात. पुण्याच्या कुंभाराने पंचवीस दिवस थांबण्याचे ठरवले होते. रक्ताभिसरणाचा ग्रंथ त्याने वाचला असण्याचा संभव नाही. पण पंचवीस हा आकडा कोणाला स्वप्नात सापडत नाही. तो अनेक रोग्यांच्या नाकांवरून, काहींच्या फसलेल्या नाकांवरूनही, पिढ्यानपिढ्या हाती आलेला असला पाहिजे. आणि हेही ध्यानात असू द्यावे की, ईथरची गुंगी देण्याची युक्ती १८४६ साली निघाली आणि जंतुनाशकाचा लिस्टरचा उपाय १८६७ साली जगापुढे आला. पुण्याचा रोगी या दोहोंच्या फार पूर्वीचा होता.

आता आपण सहजच म्हणाल की, हे तर सर्व सुश्रुताने सांगून ठेवले आहे. ते खरे आहे आणि तंतोतंत खरे नाहीही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात तुटलेली कानाची पाळी जोडण्याचे प्रकार दिले आहेत आणि त्यांच्याच अखेरीस नाक जोडण्याची कृती आहे. नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, त्या मापाची कातडी सोडवावी, तिचे एक टोक जागच्या जागी धरून ठेवावे, नाकाचे टोक खरवडून ती तेथे बसवावी, श्वासासाठी दोन नळ्या घालाव्यात, वर ज्येष्ठमधादी औषधांचे चूर्ण टाकून पांढरा कापूस ठेवावा आणि तिळाचे तेल शिंपावे, असा तो विधी आहे. पुढे वाग्भटानेही हा विषय घेतला आहे. परंतु सुश्रुत कातडी घेतो ती गालाची; पुण्याचा कुंभार घेतो ती कपाळाची. सुश्रुताचे माप पानाचे, कुंभाराचे मेणाचे. पान सपाट असते. मेणाला नाकाचा घाट देऊन मग ते सपाट करता येते, म्हणजे माप अधिक नेमके येते. कपाळाची कातडी गालाहून अधिक मिळते, तिचा रंग नाकाशी जुळतो आणि तिच्यामुळे गालावर विद्रूप व्रण राहत नाही.

तेव्हा सुश्रुतापासून या कुंभारापर्यंत केव्हातरी, कोठेतरी, कोणीतरी या विद्येत मोठी सुधारणा केली. ती करणाराचे नाव आपल्याला ठाऊक नाही. ती पुण्यास झाली, की नाक जोडणारांसाठी ज्या कांगड्याची ख्याती होती तिकडून इकडे आली, तेही ठाऊक नाही. इतकेच काय, ज्या कुंभाराने १७९३ साली कावसजीला नाक दिले, त्याचेही नाव कागदावर नाही. गाडीवानाचे नाव, चुकीचे का होईना, राहिले. पाहणाऱ्या इंग्रजांची नावे राहिली. ज्याने केले त्याचे नाव मात्र गेले. इंग्रजांनी ते विचारले नाही. आणि आपल्याकडे पुणे ही त्या वेळी राजधानी होती, दफ्तरे होती, रोजकीर्द लिहिणारे शेकडो कारकून होते, पण कुंभाराच्या हातची विद्या ही लिहून ठेवण्याजोगी विद्या आहे, असे कोणाला वाटले नाही. ज्यांच्याकडे ग्रंथ होते त्यांनी सुरी हाती घेणे सोडले होते, आणि ज्यांच्या हाती सुरी होती त्यांच्याकडे लेखणी नव्हती. आपल्या विद्यांच्या ऱ्हासाचे हे एक मोठे कारण आहे असे मला वाटते, आणि आज मी मुद्दाम ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

लेखणी ज्यांच्याजवळ होती त्यांनी पुढे काय केले, ते पाहा. त्या वेळी पुण्याच्या दरबारी सर चार्ल्स मॅलेट हा इंग्रज वकील होता आणि जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार त्याच्या आश्रयाला होता. वेल्सने शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा महिन्यांनी, १७९४ च्या जानेवारीत, कावसजीचे चित्र काढले. त्यावरून केलेल्या छापासह सर्व हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात १७९४ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाली. लिहिणाराने केवळ दोन आद्याक्षरे खाली घातली होती. परंतु त्या लेखाने युरोपातील शल्यविद्येचा एक बंद झालेला दरवाजा उघडला.

बंद झालेला म्हणतो, याचे कारण असे की, इटलीतही पूर्वी ही विद्या होती. बोलोन्याच्या ताल्याकोत्सी या प्राध्यापकाने १५९७ साली तिच्यावर मोठा सचित्र ग्रंथ लिहिला. तो दंडाची कातडी नाकाला जोडी आणि सांधा जुळेपर्यंत रोग्याचा हात डोक्याशी बांधून ठेवी. त्या अवघड आसनात रोग्याला दिवसचे दिवस काढावे लागत. त्याच्या पश्चात ही पद्धत मागे पडली आणि तिची थट्टाच अधिक झाली. अशा वेळी पुण्याची बातमी लंडनला पोचली. जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने ती वाचली, मृत देहांवर पुनःपुन्हा अभ्यास केला आणि १८१४ च्या ऑक्टोबरात एका लष्करी अधिकाऱ्यावर कपाळाच्या कातडीने नाक बसवण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. दुसऱ्या रोग्यावर तीच करून १८१६ साली त्याने दोन्हींची हकीकत ग्रंथरूपाने छापली. १८१८ साली बर्लिनच्या फॉन ग्रेफे याने आपला ग्रंथ लिहिला. तेव्हापासून साऱ्या जगात या कृतीला ‘हिंदी पद्धत’ हे नाव पडले. ज्या १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली गेला, त्याच सुमारास पुण्याच्या एका कुंभाराची कला युरोपच्या राजधान्यांत मानाने शिकवली जाऊ लागली, हा योगायोग मनाला चटका लावतो.

या देशातही ती अगदीच लोपली नाही. काठेवाडात जुनागडच्या संस्थानात डॉ. त्रिभोवनदास मोतीचंद शहा हे मुख्य वैद्यकीय अधिकारी होते. त्या मुलखात कादू मकराणी आणि त्याच्या साथीदारांनी धुमाकूळ घालून लोकांची नाके कापण्याचा सपाटा लावला होता. एक कापतो आणि दुसरा जोडतो, असे तेथील लोक म्हणत. त्रिभोवनदासांनी शंभर रोग्यांच्या हकीकती १८८९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. धुळ्याहून आग्रा रस्त्याने सरळ उत्तरेला गेले की इंदूर लागते. तेथे कीगन या रेसिडेन्सी सर्जनने या पद्धतीतील एक मोठा दोष दूर केला. नुसत्या कातडीच्या नाकाला आतून अस्तर नसे, त्यामुळे ते काही महिन्यांनी आक्रसून बसे. कीगनने नाकाच्या वरच्या भागाची कातडी उलटी वळवून तिचेच अस्तर केले. त्याचा ग्रंथ १९०० साली निघाला. या दोघांनी लिहून ठेवले, म्हणून त्यांच्यानंतरच्यांना पहिल्यापासून आरंभ करावा लागला नाही.

पुढे पहिले महायुद्ध आले. खंदकातून डोके वर काढले की गोळी तोंडावर बसे, त्यामुळे जबडा, नाक, गाल गमावलेले हजारो तरुण इंग्लंडला परत आले. त्यांच्यासाठी १९१७ साली सिडकप येथे स्वतंत्र रुग्णालय निघाले आणि हॅरल्ड गिलीज या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या शल्यविशारदाने तेथे आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा पाया घातला. शल्यविशारद, दंतवैद्य आणि चित्रकार हे तिघे तेथे एकाच रोग्याभोवती बसून काम करीत. गिलीजच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी एक डॉ. नोशीर अंटिया. त्यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठधामात, बसकी झालेली नाके आणि वाकडी झालेली बोटे नीट करण्याचे काम हाती घेतले आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या शास्त्राचा विभाग उभा केला. त्याच सुमारास नागपूरला डॉ. सी. बालकृष्णन यांनी असाच विभाग काढला. पुण्याजवळून निघालेली विद्या लंडनला जाऊन, दीडशेहून अधिक वर्षांनी पुन्हा पुण्याजवळच्या नाक नसलेल्या माणसांपाशी आली. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते, त्यांच्यापाशी ती आली, हे विशेष.

येथवर आपण कातडीचा विचार केला. परंतु चेहरा केवळ कातडीने उभा राहत नाही. त्याच्या आत हाड असते आणि हाडात दात असतात. हाडात परकी वस्तू रोवून ती टिकवता येईल काय, हा फार जुना प्रश्न आहे. मध्य अमेरिकेतील होंडुरास देशात १९३१ साली एक प्राचीन जबडा उकरून काढण्यात आला. त्यात समोरच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे दातांच्या आकाराचे तुकडे रोवलेले होते. तो जबडा सुमारे तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीचा मानतात आणि त्या तुकड्यांभोवती हाड वाढल्याचे पुढे क्ष-किरणांनी दिसून आले. ही एक अपवादात्मक गोष्ट. एरवी सोने, चांदी, लोखंड, जे जे म्हणून जबड्यात रोवले, ते ते शरीराने परके मानून बाहेर लोटले.

याचे उत्तर एका सशाने दिले. १९५२ साली स्वीडनमध्ये ब्रेनमार्क हा शास्त्रज्ञ सशाच्या हाडातील रक्तप्रवाह पाहण्यासाठी टायटॅनियम धातूची एक लहान डबी त्या हाडात बसवीत असे. प्रयोग संपल्यावर ती काढू लागला तर निघेना. हाडाने तिला घट्ट धरले होते. टायटॅनियमवर हवेच्या संपर्काने ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर आपोआप चढतो. तो थर शरीराला खुपत नाही, आणि हाडाच्या पेशी त्याला अगदी लागून नवे हाड रचतात. १९६५ साली ब्रेनमार्कने योस्टा लार्सन या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. या माणसाची टाळू आणि जबडा जन्मतःच सदोष होते. त्याला बसवलेले ते दात २००६ साली तो मरण पावला तोपर्यंत टिकले. आरंभी इतर दंतवैद्यांचा यावर विश्वास बसेना. १९८२ साली टोरोंटो येथे भरलेल्या परिषदेनंतर ही पद्धत जगभर मान्य झाली. आज जळगाव-धुळ्याच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘इम्प्लांट’ हा जो शब्द आपण वाचतो, त्याचा हा पूर्ववृत्तांत. ज्या काळ्या वाळूतून हा धातू मिळतो, तशी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे.

या स्क्रूवर केवळ दातच बसतात असे नाही. कान नसलेल्याला त्यावर कृत्रिम कान बसवता येतो, डोळ्याची खोबण झाकता येते. आणि जेथे जबड्याचे हाडच काढून टाकावे लागले आहे, तेथे पायाच्या नडगीलगतचे बारीक हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह काढून, त्याला जबड्याचा बाक देऊन बसवतात. त्या वाहिन्या मानेतील वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात. न्यूयॉर्कच्या हिडाल्गो याने १९८९ साली ही रीत जबड्यासाठी प्रसिद्ध केली. पुण्याच्या कुंभाराने रक्त पोचवण्यासाठी पट्टी राखली; आजचा सर्जन रक्तवाहिनीच तोडून दुसरीकडे जोडतो. साधन बदलले, तत्त्व तेच राहिले. जे जिवंत ठेवायचे असेल त्याला रक्त पोचले पाहिजे.

या विद्येची निकड आपल्याला २०२१ साली कळून आली. करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या मागोमाग काळ्या बुरशीचा रोग आला. मधुमेह आणि स्टेरॉइड यांच्या संगतीने तो नाकाच्या पोकळीतून वरच्या जबड्यात आणि डोळ्यात शिरे. महाराष्ट्रात किती तरी घरांतील कर्त्या माणसांचा वरचा जबडा काढावा लागला, काहींचा डोळाही गेला. जीव वाचला, परंतु टाळू नसल्यामुळे अन्न नाकातून येई आणि बोललेले कोणाला समजत नसे. अशांसाठी गालाच्या हाडात लांब स्क्रू रोवून त्यावर दात बसवण्याची, किंवा रोग्याच्या चेहऱ्याच्या मापाचा टायटॅनियमचा साचा घडवून बसवण्याची सोय आज आहे. मेणाच्या पत्र्याने माप घेणाऱ्या कुंभाराला ही दुसरी युक्ती पाहताक्षणी समजली असती.

परंतु बुरशी आली आणि ओसरली. आपल्याकडे एक कारण मात्र ओसरत नाही, आणि त्याकडे आल्यावाचून हे भाषण पुरे होणार नाही. कावसजीच्या नाकाचा सांधा ज्याने धरून ठेवला, तो कात आपणांस आठवत असेल. खैराच्या लाकडापासून तो करतात. कातकरी लोकांना त्यांचे नाव याच धंद्यावरून मिळाले. तोच कात आज कोठे सापडतो? सुपारी, चुना आणि तंबाखू यांच्या सोबतीने गुटख्याच्या पुडीत. त्यात कातापेक्षा सुपारीचा आणि तंबाखूचा अपराध मोठा आहे, हे न्यायाने म्हटले पाहिजे. सुपारीने गालाच्या आतील मऊ त्वचा ताठरते, तोंड उघडेनासे होते, आणि पुढे तेथेच कर्करोग धरतो. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्याला बंदी केली. तरीही २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातील सुमारे चौथाई प्रौढ माणसे कोणत्या ना कोणत्या रूपाने तंबाखू चघळीत होती. टिपूच्या माणसांनी गाडीवानाचे नाक त्याला धरून, जबरीने कापले. येथे आपला जबडा आपणच पुडी-पुडीने कापतो आहोत, आणि त्यासाठी पदरचे पैसेही मोजतो आहोत.

ज्याचा जबडा असा जातो, तो बहुधा कावसजीचाच जातभाई असतो: शेतकरी, गाडीवान, हमाल, ट्रकवाला. धुळ्याहून तो चाळीसगावला येतो, तेथून किंवा जळगाव-भुसावळाहून मुंबईची गाडी धरतो, आणि परळच्या टाटा रुग्णालयाच्या दारी जाऊन उभा राहतो. गाठ काढली जाते, जीव वाचतो, आणि तो रुमाल गुंडाळून घरी परततो. त्याच्या पुढची पायरी, म्हणजे हाड, दात, चेहरा, पुष्कळदा राहूनच जाते. खर्च आड येतो. आणि ‘जीव वाचला, आता दिसण्याचे काय घेऊन बसलास’ असे म्हणणारी आपली माणसेही आड येतात. हा विचार मला मान्य नाही. चेहरा ही चैनीची वस्तू नव्हे. भाकर चावता येणे, नातवाला हाक मारता येणे, लग्नकार्यात पंगतीला बसता येणे, ही चैन कशी होईल? पुण्याच्या गाडीवानाला पेन्शन होते, पोटाची ददात नव्हती. तरीही नवे नाक मिळावे म्हणून तो शुद्धीवर राहून सुरीखाली निजला. मनुष्याला आपल्या चेहऱ्याची किंमत किती वाटते, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

आज धुळ्याला आणि जळगावला वैद्यकीय महाविद्यालये आहेत. धुळ्यास दंतवैद्यकाचेही महाविद्यालय आहे. विद्या दूर राहिलेली नाही. ती रुमालवाल्याच्या घरापर्यंत पोचावी, हे काम आता उरले आहे. ते केवळ डॉक्टरांचे नाही. सरकारचे आहे, दानधर्म करणाऱ्या आपल्या व्यापारी पेढ्यांचे आहे आणि घरातल्या माणसांचेही आहे. गालात पांढरा चट्टा दिसला, तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, तर त्याच आठवड्यात वैद्याला दाखवा, एवढे जरी आपण घरोघर सांगितले, तरी कित्येक जबडे मुळात कापावेच लागणार नाहीत.

श्रोतेहो, ‘आमच्या पूर्वजांनी हे पूर्वीच शोधले होते’ असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. या एका बाबतीत ते म्हणणे खरे आहे. परंतु ज्या पूर्वजाने ते केले, त्याचे नाव आपण राखले नाही, त्याची कृती आपण लिहिली नाही. ती परक्यांनी लिहिली म्हणून आज आपण अभिमान धरू शकतो. तेव्हा अभिमानाबरोबर थोडी शरमही बाळगली पाहिजे. आपल्या गावात आज कोणी हाड बसवणारा, कोणी सुईण, कोणी वाकबगार कारागीर असेल, तर त्याच्या हातची विद्या पारखावी, खरी असेल तर लिहून ठेवावी आणि तिच्याखाली त्याचे नाव घालावे. त्या निनावी कुंभाराचे ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.

वेल्सने काढलेल्या चित्राचा छाप आजही पाहायला मिळतो. त्यात कावसजी आपल्याकडे पाहतो आहे. कपाळावर व्रण आहे, नाक थोडे जाड आहे. परंतु त्याने तोंडावर रुमाल धरलेला नाही.